डिंगडाँग वीज कंपनी बुडाली तेव्हा

डिंगडाँग वीज कंपनी बुडाली, ही बातमी मी ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर ऐकली आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दुसऱ्याची कंपनी बुडाल्यावर आनंद होणं वाईटच. ज्या कंपनीकडे आपलेच पैसे जमा आहेत ती बुडाल्यावर आनंद होणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा. पण बातमीपाठोपाठ निवेदिकाबाईंनी सूचना सांगायला सुरुवात केली. घाबरून जाऊ नका. घाईघाईनं दुसऱ्या कंपनीकडे पळू नका, नवी कंपनी तुम्हाला नेमून दिली जाईल. जमा पैसे सुरक्षित आहेत. तोवर आपल्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि त्याचा फोटो काढा.

हातातला टोस्ट मी बशीत ठेवला. मी, एडगर मिजली, एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. हॅलिफॅक्सच्या बाजारातला एकेक तराजू मला पाहून थरथरायचा. निवृत्त झाल्यापासून माझ्या या गुणांची कोणाला गरजच उरली नव्हती. आणि आता साक्षात रेडिओवरून देशाला सांगितलं जात होतं की मोजा, लिहा, पुरावा ठेवा!

"डॉरीन!" मी ओरडलो. "डिंगडाँग बुडाली!"

"मग आता तरी हीटर लावू का?" आतून माझी बायको म्हणाली.

इथं थोडं घरातलं सांगणं भाग आहे. आमच्या टेकडीवर गॅसची नळी कधी आलीच नाही, त्यामुळे सगळा कारभार विजेवर. घरात सोळा अंश पुरेत, असं माझं शास्त्र आहे. डॉरीनचं शास्त्र वेगळं आहे, पण ती ते अंगात कोट घालून मांडते. असं असूनही आमचं विजेचं बिल गल्लीत सगळ्यांत जास्त. पाच वर्षांपूर्वी डिंगडाँगच्या माणसानं नवा मीटर बसवला आणि त्याच्याबरोबर एक छोटी डबी दिली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. वीज कमी जळत असली की तिच्यात हिरवा दिवा, जरा जास्त झाली की पिवळा, आणि उधळपट्टी चालली की लाल. आमच्या डबीत रोज संध्याकाळी सातला लाल दिवा लागायचा.

"डॉरीन! काय लावलंस?"

"काही नाही. विणतेय."

"विणकामाला वीज लागत नाही, डॉरीन."

"तेच तर म्हणतेय मी."

असे संवाद पाच वर्षं झाले. मी घरभर फिरायचो. केस वाळवायचं यंत्र हाताला गार, इस्त्री गार, किटली मात्र कधी कधी कोमट. झालं! आरोपी सापडला. डॉरीन आणि तिची किटली हा विषय मी चॅपलमध्ये, पोस्टात, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सांगितला होता. लोक हसायचे. डॉरीन हसायची नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तराजू पाहणाऱ्या माणसाचं लक्ष काट्याकडे असतं.

असो. त्या मंगळवारी माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली. नुसता फोटो कोणीही काढेल. आपण घराचा मेन स्विच बंद करायचा, मीटर अगदी गप्प उभा करायचा आणि त्या स्थिर आकड्याचा फोटो घ्यायचा. जुन्या कंपनीचा शेवटचा आकडा आणि नव्या कंपनीचा पहिला आकडा यांत एका कणाचाही फरक नको. एवढी स्वच्छ नोंद साऱ्या यॉर्कशायरात कोणी केली नसेल, या विचारानं मला गुदगुल्या झाल्या.

आमचा मीटर घरात नाही. आमचं चौदा नंबर आणि टेरी बूथरॉइडचं सोळा नंबर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. बोळात जमिनीलगत एक लाकडी कपाट आहे आणि त्यात दोघांचे मीटर शेजारी शेजारी. फोटो काढायचा तर पोटावर झोपावं लागतं. मी झोपलो. पहिला फोटो माझ्या अंगठ्याचा आला, दुसरा नाकाचा. एवढ्यात समोरच्या घरातल्या मिसेस ओल्डरॉइड कुत्र्याला घेऊन आल्या. या बाईंना सल्ला देण्यासाठी विषय लागत नाही, फक्त माणूस लागतो.

"मिस्टर मिजली, पडलात का?"

"मीटरचा फोटो काढतोय."

"मग शेजारी आजचं वर्तमानपत्र धरा. ब्रिगहाउसला माझ्या भाच्याच्या बायकोनं नुसताच फोटो पाठवला, तर कंपनी म्हणाली, हा कुठल्या तारखेचा कशावरून? खंडणीसाठी पळवलेल्या माणसांचे फोटो कसे काढतात, तसं करा."

सल्ला बिनतोड होता. मी डॉरीनला वर्तमानपत्र धरून कपाटाशी बसवलं, आत जाऊन मेन स्विच खाली ओढला, फ्रीजनं शेवटचा श्वास सोडल्याचं ऐकलं आणि धावत बोळात आलो.

मीटरवरचा छोटा दिवा लुकलुकत होता. म्हणजे वीज जळत होती! नुसती जळत नव्हती, चांगली सपाटून जळत होती.

"डॉरीन," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "काय लावलंस?"

"एडगर, मी इथं पेपर धरून बसलेय. थंडीनं माझे गुडघे वाजतायत. तू मेन स्विच बंद केलायस. मी काय लावणार?"

"तेच तर मला शोधायचंय!"

मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या की त्यांच्या आईच्या घरातही एकदा असंच झालं होतं, आणि पुढे तिथं एक जुना पाद्री दिसायला लागला होता. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. तेवढ्यात भिंतीपलीकडची गुरगुर थांबली. टेरीच्या बागेत गरम पाण्याचा एक हौद आहे. रोज संध्याकाळी, आणि त्या मंगळवारसारख्या सुट्टीच्या दिवशी सकाळीही, तो त्यात मानेपर्यंत बुडून बसतो आणि हौदाचा पंप गुरगुरत असतो. गुरगुर थांबली आणि मीटरचा दिवा एकदम मंदावला.

"एडगर," डॉरीन हळूच म्हणाली, "हा टेरीच्या हौदाबरोबर चालतोय."

मी हसलो. अजूनही त्या हसण्याची आठवण झाली की कानाच्या पाळ्या तापतात. "डॉरीन, विजेचं शास्त्र असं गुरगुरीवर चालत नाही. या मीटरवरचा नंबर आणि आपल्या खात्याचा नंबर एकच आहे. मी स्वतः तपासलाय. एकतीस वर्षं मी..."

"एकतीस वर्षं तू बटाट्याचे तराजू तपासलेस," असं म्हणून डॉरीन उठली. वर्तमानपत्राची घडी करून तिनं ती माझ्या हातात दिली. "आता नीट ऐक. पाच वर्षं तू मला साऱ्या गावात चोर ठरवलंयस. मी चोर निघाले तर उद्यापासून चूल पेटवून चहा करीन. पण नाही निघाले, तर येत्या पाच तारखेला चॅपलमध्ये मटण-वाटाण्याचं जेवण आहे. तिथं सगळ्यांसमोर उभा राहून तू माझी माफी मागायची. पुटपुटायचं नाही. मोठ्यानं."

"कबूल!" मी म्हणालो, कारण हरण्याचा प्रश्नच नव्हता.

"मी साक्षीदार," मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या. दुपारपर्यंत सगळी गल्ली साक्षीदार झाली.

आठवडाभरानं नव्या कंपनीचं पत्र आलं. त्यावर नाव नव्हतं, फक्त 'घरातील रहिवाशास' असं होतं. मी ताबडतोब फोन लावला. रांगेत माझा नंबर एकशे त्रेचाळीसावा होता. दोन तास एकच बासरी ऐकून शेवटी किर्स्टी नावाची एक गोड आवाजाची मुलगी बोलू लागली.

"सर, डिंगडाँगकडून आलेल्या यादीत तुमचा पत्ता 'चौदा आणि सोळा नंबरमधला बोळ' असा आहे. तुम्ही बोळात राहता का?"

"मी बोळात राहत नाही!"

"मग सर, या खात्याबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"बाई, मीटर बोळात आहे. मी घरात आहे!"

"मग घरच्या पत्त्याचा पुरावा पाठवा, सर. विजेचं बिल चालेल."

एक दीर्घ श्वास घेऊन मी तिला समजावलं की विजेचं बिल डिंगडाँग मोबाइलवर दाखवायची, डिंगडाँगबरोबर ते दाखवणंही बुडालं, आणि नवं बिल मिळावं म्हणूनच तर मी फोन केला आहे. किर्स्टीला माझी मनापासून दया आली. पाण्याचं बिलही चालेल, ती म्हणाली. पाण्याचं बिल डॉरीनच्या नावावर आहे.

"अरे वा, मग मॅडमना फोन द्या ना!" किर्स्टी म्हणाली.

मापातला कण न् कण जाणणारा मी, स्वतःच्याच स्वयंपाकघरात टॉवेल धरून उभा राहिलो. वीस मिनिटं डॉरीन फोनवर होती आणि त्यातली निदान बारा मिनिटं दोघी हसत होत्या. डॉरीनच्या आईचं नाव, किर्स्टीच्या बहिणीचं लग्न, सगळं झालं. अधूनमधून डॉरीन माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हो, तोच तो."

फोन ठेवून ती म्हणाली, "खातं माझ्या नावावर झालं. तिनं विचारलं, तुम्ही घरात लाँड्री चालवता का? म्हणाली, दोन माणसांना एवढी वीज लागूच शकत नाही. आणि म्हणाली, आपला मेन स्विच बंद करायचा आणि शेजाऱ्याला किटली लावायला सांगायची. आपल्या मीटरचा दिवा पळायला लागला, तर मीटर बसवताना तारांची अदलाबदल झाली."

"बघ!" मी टाळी वाजवली. "अदलाबदल! ही शक्यता मला सुरुवातीपासूनच..."

डॉरीननं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी टॉवेल वाळत घालायला गेलो.

आता फक्त टेरीला विचारायचं राहिलं होतं. विचारायचं म्हणजे काय? बावीस वर्षांपासूनचा शेजारी. त्याला एकदम 'तुझी किटली लाव, मला तुझ्यावर संशय आहे' असं कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी मी कुंपणाशी उभा राहून त्याच्याशी हवेबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी कुंपणाबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी हवेचा कुंपणावर होणारा परिणाम निघाला. चौथ्या दिवशी टेरी घाबरून म्हणाला, "एडगर, तुझी तब्येत बरी आहे ना? काही सांगायचंय का?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "वारा सुटलाय, एवढंच."

मागून खिडकी उघडली. "टेरी, राजा!" डॉरीन ओरडली. "जरा तुझी किटली लाव बघू! आणि हौदसुद्धा!"

"आत्ता लावतो, डॉरीन!" टेरी म्हणाला. त्यानं कशाला म्हणूनही विचारलं नाही. माझे चार दिवस फुकट गेले.

मी मेन स्विच बंद केला आणि पोटावर झोपलो. डॉरीन शेजारी उकिडवी बसली. मिसेस ओल्डरॉइड, त्यांचा कुत्रा आणि गल्लीतली आणखी सातआठ माणसं बोळाच्या तोंडाशी दाटीवाटीनं उभी राहिली. भिंतीपलीकडून टेरीनं हाक दिली, "किटली लागली!" आणि आमचा दिवा धावू लागला. "हौद लागला!" दिवा नुसता पेटून उठला, दोन लुकलुकण्यांमध्ये फट दिसेना. शेजारचा, म्हणजे टेरीचा मीटर मात्र ढिम्म! मी आत धावलो, आमचा मेन स्विच चालू केला. बोळातून आरोळी आली. टेरीच्या मीटरनं हळूच डोळा मिचकावला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. पाच वर्षं मी टेरीचा हौद तापवत होतो, ही गोष्ट खरी. पण त्याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या! टेरी बूथरॉइडचं ते बिल, ज्याच्याकडे सगळी गल्ली आदरानं बघायची, ज्याच्या जोरावर त्यानं चॅपलच्या पत्रिकेत 'काटकसरीचे माझे साधे उपाय' असा लेख लिहिला होता, ते बिल माझं होतं! ती काटकसर माझी, ते सोळा अंश माझे!

"टेरी, तुझी ती डबी कुठाय रे?" मी विचारलं.

"ती होय? खणात आहे. नेहमी हिरवीच असायची, कंटाळा आला," टेरी म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे एडगर, माझा हौद... माझा लेख..."

"ते कंपनी बघून घेईल," मी मोठ्या मनानं म्हणालो. मी इतका खूश होतो की त्याला मिठीच मारणार होतो, पण यॉर्कशायरात आम्ही तसं करत नाही. त्याच्या खांद्यावरचं पान झटकलं.

"एडगर," डॉरीन म्हणाली. "शुक्रवारी पाच तारीख."

माझा सगळा आनंद तिथल्या तिथं बसला.

शुक्रवारी चॅपलच्या सभागृहात पासष्ट माणसं होती. एरवी चाळीस असतात. बाहेर पोरं पाच नोव्हेंबरच्या रिवाजाप्रमाणे फटाके उडवत होती, आत वाटाण्यांची वाफ आणि आल्याच्या पार्किन केकचा वास. पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेनंतर हसून माझ्याकडे हात केला, म्हणजे तेही साक्षीदार. मी उभा राहिलो. मी चांगलं अर्ध्या पानाचं टिपण केलं होतं. त्यात तारांचा इतिहास होता, डिंगडाँगच्या गलथानपणावर दोन कडक वाक्यं होती, आणि शेवटी 'काही गैरसमज झाला असल्यास' असं काहीतरी होतं.

मी डॉरीनकडे पाहिलं. तिनं निळा झगा घातला होता आणि ती ताठ बसली होती. तिच्या हनुवटीला किंचित कंप होता. पाच वर्षं मी हिच्यावर हसणाऱ्या लोकांचा मुकादम होतो, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं. मला स्वतःची लाज वाटली. टिपण मी खिशात घातलं.

"डॉरीननं वीज उधळली नाही," मी म्हणालो. आवाज जरा चिरकला, पण मोठा होता. "तिनं पहिल्याच दिवशी खरं कारण सांगितलं होतं. मी हसलो. मी पाच वर्षं तिच्याबद्दल तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत आलो. डॉरीन, मी चुकलो. मला माफ कर."

टेरीनं टाळी वाजवली आणि पासष्टच्या पासष्ट माणसं वाजवू लागली. मिसेस ओल्डरॉइड तर हुंदके देऊन रडत होत्या. मला तेव्हा त्या जरा जास्तच रडतायत असं वाटलं. डॉरीननं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि आपल्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. मला आठवतं तेवढ्या दिवसांत मी इतका सुखी नव्हतो.

दोन आठवड्यांनी नव्या कंपनीचा माणूस येऊन तारा सरळ करून गेला. पाठोपाठ एक जाड पाकीट आलं. नाव डॉरीनचं होतं, पण उत्साहाच्या भरात ते मीच फोडलं. आत किर्स्टीची चिठ्ठी होती: हा तुमच्या घराचा खरा हिशोब, गेल्या वर्षभराचा, दर अर्ध्या तासाचा. आणि आलेख! पानंच्या पानं आलेख! मी चष्मा पुसला. काय ती सपाट, नम्र, सुंदर रेघ. सोमवार सपाट. मंगळवार सपाट. बुधवार जणू घरात कोणी राहतच नाही. गुरुवारी दुपारी दोन वाजता ती रेघ ताडकन उभी राहिली होती, चार वाजेपर्यंत कागदाच्या माथ्याला टेकून होती, आणि मग पुन्हा शहाण्यासारखी खाली आली होती.

मी पान उलटलं. पुढच्या गुरुवारी तेच. पुढच्या सगळ्या महिन्यांत, उन्हाळ्याचे दिवस सोडले तर, दर गुरुवारी तेच. गुरुवारी दुपारी मी बोलिंग क्लबात असतो.

"दुसऱ्याचं पत्र फोडणं हा गुन्हा आहे," मागून डॉरीन म्हणाली. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"डॉरीन," मी म्हणालो, "हे काय आहे?"

"दोन हीटर," डॉरीन म्हणाली. "आणि ओव्हन, दार उघडं ठेवून. मी असते, मिसेस ओल्डरॉइड असतात आणि पोस्टातली व्हेरा. आम्ही बिनबाह्यांचे झगे घालून पत्ते खेळतो."

"पण... पण मी पासष्ट माणसांसमोर तुझी माफी मागितली!"

"संध्याकाळी सातच्या लाल दिव्याबद्दल मागितलीस. तो टेरीचा निघाला. म्हणजे ती माफी मला लागूच होती." तिनं शांतपणे आलेख माझ्या हातातून घेतला आणि घडी केली. "गुरुवारबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलंच नाही."

एकतीस वर्षांत कितीतरी दुकानदारांनी मला कितीतरी कारणं सांगितली होती, पण इतकं चोख कारण कोणीही सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर पाऊस तिरपा पडत होता आणि माझी बोटं नेहमीप्रमाणे गार पडली होती.

"किती अंश?" मी शेवटी विचारलं.

"चोवीस."

चोवीस! माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर, चोवीस अंश! आणि मी त्या वेळी बोलिंग क्लबाच्या पत्र्याखाली कुडकुडत होतो.

"डॉरीन," मी म्हणालो, "येत्या गुरुवारी माझा गुडघा दुखणार आहे."

"बरं होईल," डॉरीन म्हणाली. "आम्हाला कधीपासून चौथा भिडू हवाच होता."